ज्याची नोंद नाही, त्याची भरपाई नाही

७ डिसेंबर २००७ च्या सकाळी दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, तेआन द्वीपकल्पापासून सुमारे पाच मैलांवर, ‘हेबेई स्पिरिट’ नावाचं अजस्र तेलवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं. इराण, कुवेत आणि संयुक्त अरब अमिरातीतून आणलेलं दोन लाख टनांहून अधिक कच्चं तेल त्याच्या पोटात होतं. जवळच्या देसान बंदरात धक्का मोकळा होण्याची ते वाट पाहत होतं. त्याच समुद्रातून दोन टग एक भलीमोठी तरंगती क्रेन ओढत दक्षिणेकडे निघाले होते. इंचॉनजवळच्या पुलाच्या बांधकामावरून ही क्रेन परत चालली होती. रात्रीपासून समुद्र खवळलेला होता आणि वाऱ्याने टगना वाटेवरून ढकललं होतं. सातच्या सुमारास पोलादी दोर तुटला. सुटलेली क्रेन वाऱ्याच्या जोराने उभ्या जहाजावर जाऊन आदळली आणि जहाजाच्या डाव्या बाजूच्या तीन टाक्या फुटल्या.

जहाज एकेरी कवचाचं होतं. म्हणजे तेल आणि समुद्र यांच्यामध्ये पोलादाचा एकच पत्रा होता. भोकं बुजवेपर्यंत दोन दिवस गेले आणि तेवढ्यात सुमारे १०,९०० टन तेल समुद्रात गेलं. पुढच्या काही आठवड्यांत पश्चिम किनाऱ्याचा पावणेचारशे किलोमीटरचा पट्टा तेलाने माखला.

तेलगळतीच्या जागतिक इतिहासात हा आकडा मोठा नाही. १९७८ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटलेल्या ‘अमोको कॅडिझ’मधून २,२०,००० टनांहून अधिक तेल सांडलं होतं, म्हणजे तेआनच्या वीसपट. तरीही इथे तेआनच निवडलं आहे. समुद्रात तेल सांडलं की दोन प्रकारचं नुकसान होतं. एक मोजलं जातं आणि दुसरं मोजलं जात नाही. तेआनमध्ये या दोहोंमधलं अंतर जितकं उघडं पडलं, तितकं फार थोड्या ठिकाणी पडलं असेल.

पाण्यात पडलेल्या तेलाचं पुढे काय होतं

कच्चं तेल म्हणजे शेकडो संयुगांचं मिश्रण. त्यातले हलके घटक पहिल्या एक-दोन दिवसांत हवेत उडून जातात. बेन्झीनसारखी विषारी संयुगं त्यातच असतात, म्हणून किनाऱ्यावरच्या गावांना आधी वास येतो, डोकं दुखू लागतं, मळमळतं आणि मग तेल दिसतं. मागे राहिलेल्या जड तेलात लाटा पाणी घुसळतात. त्यातून घट्ट, चिकट, तपकिरी लगदा तयार होतो. मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट जागा तो व्यापतो, पंपाने नीट ओढला जात नाही आणि हाताला लागला की सुटत नाही. आणखी काही दिवसांनी त्याचे डांबरासारखे गोळे होतात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. तेआनचे गोळे दक्षिणेकडच्या जोल्ला प्रांताच्या बेटांपर्यंत आणि पुढे जेजू बेटापर्यंत पोहोचले.

तेल किती काळ टिकणार हे किनाऱ्याच्या जातीवर ठरतं. उघड्या खडकावर लाटांचा मारा असतो, तिथलं तेल लवकर धुऊन जातं. वाळूत आणि गोट्यांत ते झिरपतं. चिखलात आणि कांदळवनात ते अडकून बसतं, कारण तिथे प्राणवायू पोहोचत नाही आणि प्राणवायूशिवाय तेल खाणारे जिवाणू फार सावकाश काम करतात. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाण्याची पातळी काही मीटरांनी खालीवर होते. ओहोटीला मैलभर चिखलाट उघडी पडते. भरती चढताना तेल वर आणते आणि ओहोटी उतरताना त्याचा थर मागे ठेवून जाते. त्यामुळे तेल एका रेषेत न राहता भरतीच्या संपूर्ण पट्ट्यावर पसरलं.

हाच पट्टा त्या किनाऱ्याचं अन्नकोठार होता. तेआनच्या खाड्यांमध्ये मांडवांवर टांगलेल्या दोऱ्यांना कालवं वाढवली जात. चिखलात तिसऱ्यांच्या अनेक जाती होत्या. सायबेरियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत जाणारे चिखले पक्षी याच पश्चिम किनाऱ्यावर उतरून पोट भरतात. कालवं आणि तिसऱ्या पाणी गाळून त्यातलं अन्न खातात, त्यामुळे पाण्यातले तेलाचे कणही त्यांच्या शरीरात साठत जातात. वरून धुतलेलं कालव आतून तेलकटच राहतं. कोरियन सरकारने मासेमारी थांबवली, तेलात बुडालेले कालवांचे मांडव मोडून टाकायला लावले आणि २००८ मध्ये टप्प्याटप्प्याने बंदी उठवली. मात्र बंदी उठली म्हणून गिऱ्हाईक परत आलं नाही. ‘तेआन’ हे नाव बाजारात तेलाशी जोडलं गेलं होतं. लांबच्या स्वच्छ खाडीतला मालही त्या नावामुळे पडून राहिला.

तेलाने माखून मेलेला पक्षी फोटोत दिसतो. पिसांमध्ये तेल गेलं की ती पाणी अडवू शकत नाहीत, पक्ष्याला थंडी भरते, चोचीने पिसं साफ करताना तेच तेल त्याच्या पोटात जातं. माशांच्या अंड्यांवर होणारा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. तेलातल्या बहुचक्रीय संयुगांचं प्रमाण पाण्यात अब्जात काही भाग इतकं कमी असलं, तरी माशाच्या भ्रूणाचं हृदय नीट घडत नाही, हे गेल्या तीन दशकांतल्या संशोधनाने दाखवून दिलं आहे. असं अंडं फुटतं, पिल्लू पोहायलाही लागतं, पण पुढे ते जगत नाही. त्या वर्षी जाळ्यात मासळी येते. फटका बसतो तो काही वर्षांनी, आणि तोवर या दोन गोष्टींचा संबंध लावणारं कोणी उरलेलं नसतं.

बारा लाख माणसांचे हात

डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत कोरियाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तेआनला आली. विद्यार्थी, कामगार, गृहिणी, सैनिक, चर्चची आणि बौद्ध मठांची मंडळी बसगाड्या भरभरून येत होती. त्यांनी एकामागोमाग उभं राहून तेलाच्या बादल्या हातोहात पोहोचवल्या, घरचे जुने कपडे आणून एकेक दगड पुसला. या स्वयंसेवकांची संख्या १२ लाखांवर गेली. माणसांनी एकमेकांसाठी काय करावं, याचं इतकं मोठं उदाहरण क्वचित सापडतं, आणि कोरियन जनतेला त्याचा वाटणारा अभिमान रास्त आहे.

या कष्टांचीही किंमत होती. पहिल्या दिवसांत पुरेसे मुखवटे आणि हातमोजे नव्हते. नंतरच्या तपासण्यांत साफसफाई करणाऱ्यांच्या लघवीत तेलातल्या संयुगांचे अंश आणि पेशींना इजा झाल्याच्या खुणा सापडल्या. सगळ्यांत जास्त दिवस तेलात उभे राहिलेले लोक स्थानिकच होते. मासेमारी बंद झाल्यामुळे साफसफाईची रोजंदारी हेच त्यांचं उत्पन्न उरलं होतं.

साफसफाईने काय साधतं आणि काय साधत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. समुद्रात सांडलेलं तेल मोठ्या प्रमाणावर परत मिळत नाही. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून सांडलेल्या तेलाचा पुढे तपशीलवार हिशेब झाला. हजारो माणसं, शेकडो नौका आणि दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च करून फक्त सुमारे १४ टक्के तेल हाती लागलं. बाकीचं उडून गेलं, जिवाणूंनी खाल्लं किंवा तळाशी आणि किनाऱ्यात मुरलं.

घाईची साफसफाई तर अनेकदा जास्त मारते. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टॉरी कॅनियन’ खडकावर आपटलं, तेव्हा किनाऱ्यावर सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतलं गेलं. जिथे तेल तसंच सोडलं, तिथले खडक दोन-तीन वर्षांत पूर्ववत झाले. जिथे डिटर्जंट ओतलं, तिथे दहा ते पंधरा वर्षं लागली. अलास्कात उच्च दाबाच्या गरम पाण्याच्या फवाऱ्यांनी तेलाबरोबर खडकांवरचे जीवही भाजून काढले. संकटाच्या वेळी काहीतरी केल्याचं दिसावं, हा दबाव सरकारांवर आणि कंपन्यांवर असतो. त्या दबावाखाली किनाऱ्याचं नुकसान होऊ नये, यासाठी कुठे काय करायचं आणि कुठे हातच लावायचा नाही, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

बिल कोण भरतं

‘टॉरी कॅनियन’पूर्वी या प्रश्नाला नीट उत्तरच नव्हतं. त्या अपघातानंतर १९६९ आणि १९७१ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय करार झाले आणि १९९२ मध्ये त्यांची सुधारित रूपं आली. त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. तेलवाहू जहाजातून तेल सांडलं, तर दोष सिद्ध करण्याची गरज न ठेवता पहिली जबाबदारी जहाजमालकाची आणि त्याच्या विमा कंपनीची असते. मात्र जहाजाच्या आकारानुसार ठरलेल्या मर्यादेपर्यंतच. त्याहून जास्त नुकसान झालं, तर लंडनहून चालणारा एक आंतरराष्ट्रीय निधी पुढे येतो. समुद्रमार्गे तेल मागवणाऱ्या कंपन्या या निधीला वर्गणी देतात. भारत या निधीचा सदस्य आहे, आणि मोठा आयातदार असल्यामुळे मोठा वर्गणीदारही आहे.

ही चांगली व्यवस्था आहे. तिच्यामुळे मच्छीमाराला परक्या देशातल्या जहाजमालकाचा माग काढत वर्षानुवर्षं फिरावं लागत नाही. पण निधीलाही मर्यादा आहे. तेआनसाठी जहाजमालक आणि निधी मिळून सुमारे ३२ हजार कोटी वॉन उपलब्ध होते. दावे आले १ लाख २० हजारांहून अधिक, आणि न्यायालयासमोरची एकूण मागणी ४ लाख कोटी वॉनच्या पुढे गेली. सगळ्यांना पुरणार नाही हे दिसताच निधीने मान्य झालेल्या दाव्यांचाही केवळ ३५ टक्के भाग तूर्तास चुकता करायचं ठरवलं. स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यासमोर २००२ मध्ये बुडालेल्या ‘प्रेस्टिज’च्या वेळी हे प्रमाण सुरुवातीला १५ टक्केच होतं. कोरियात सरकारने खास कायदा केला, लोकांना आगाऊ रक्कम दिली आणि स्वतःच्या खर्चाचा दावा रांगेत सगळ्यांत शेवटी ठेवला. हा निर्णय दाद देण्यासारखा होता.

क्रेन ज्या उद्योगसमूहाची होती, त्यातल्या सॅमसंग हेवी इंडस्ट्रीजची जबाबदारी सागरी कायद्यातल्या मर्यादेमुळे न्यायालयाने सुमारे ५०० कोटी वॉनवर आणून ठेवली. मागणीच्या तुलनेत ही रक्कम नगण्य होती. लोकांच्या वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर, २०१३ मध्ये, कंपनीने ३६ हजार कोटी वॉनचा विकासनिधी देण्याचं मान्य केलं.

नांगरलेल्या जहाजावरच्या दोन भारतीय अधिकाऱ्यांना मात्र तुरुंगात जावं लागलं. कॅप्टन जसप्रीत चावला आणि मुख्य अधिकारी श्याम चेतन यांना खालच्या न्यायालयाने जून २००८ मध्ये निर्दोष सोडलं होतं. डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि त्यांची रवानगी तुरुंगात केली. भारतातल्या आणि जगभरच्या खलाशी संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००९ मध्ये मुख्य गुन्ह्यातली शिक्षा रद्द ठरवली, आणि जूनमध्ये, अपघाताला दीड वर्ष उलटल्यावर, दोघे मायदेशी परतू शकले. जगभरच्या जहाजांवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने काम करतात, त्यात आपल्या किनाऱ्यावरची अनेक कुटुंबं आहेत. तेल सांडल्यावर संतापलेल्या देशाला समोर माणूस हवा असतो, आणि तो बहुतेक वेळा मालक नसून पगारी नोकर असतो.

कागद नसलेली कमाई

आता त्या १ लाख २० हजार दाव्यांकडे वळू. २०१३ मध्ये कोरियन न्यायालयाने मागणीच्या जेमतेम एक षष्ठांश रक्कम मान्य केली. आंतरराष्ट्रीय निधीच्या तज्ज्ञांनी मान्य केलेलं नुकसान तर त्याहूनही बरंच कमी होतं. काही दावे फुगवलेले होते, हे खरंच आहे. पण दावे नाकारले जाण्याचं मोठं कारण वेगळं होतं. निधीचा नियम सरळ आहे: नुकसान झालं असेल तर ते दाखवा. मागच्या तीन वर्षांची विक्री, परवाना, कराची पावती, बँकेचं पुस्तक सादर करा. विनापरवाना कालवशेतीचे दावे बाद झाले. पुराव्याविना आलेले दावे बाद झाले किंवा कापले गेले.

तेआनच्या चिखलाटीत ओहोटीला उतरून हातांनी किंवा छोट्या दाताळ्याने तिसऱ्या काढणारी माणसं हजारोंनी होती. त्यात म्हाताऱ्या बायकांचा भरणा मोठा होता. कोरियन कायद्यात अशा हाती मासेमारीची वेगळी नोंद करता येते. पण ज्या चिखलात आजीने आणि आईने तिसऱ्या काढल्या, तिथे जाण्यापूर्वी कार्यालयात नाव लिहून यावं, असं कोणाला वाटणार? माल गावातच विकला जायचा, पैसे रोख मिळायचे, काही भाग घरीच शिजायचा. या कमाईवर घरं चालत होती. कागदावर मात्र ती शून्य होती, आणि शून्याची भरपाई शून्यच होते. रोखीत चालणाऱ्या खानावळींची आणि पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांची अवस्थाही वेगळी नव्हती.

अपघातानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत तेआनमध्ये काही माणसांनी आत्महत्या केल्या. पहिला जीव गेला तो एका कालवशेतकऱ्याचा. भरपाईच्या वाटपावरून शेजाऱ्यांत, गावागावांत वाद पेटले. कोणाला किती मिळालं आणि कोणाला का नाही, या प्रश्नाने सामाईक खाडीवर पिढ्यान्पिढ्या एकत्र राबलेली माणसं दुरावली. हे नुकसान कुठल्याही दाव्यात बसत नाही.

अलास्कातली मोजणी

नुकसान मोजण्याचा सगळ्यांत मोठा प्रयत्न अलास्कात झाला. २४ मार्च १९८९ च्या मध्यरात्री ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ प्रिन्स विल्यम साउंडमधल्या ब्लाय रीफ खडकावर चढलं. सुमारे ३७,००० टन तेल सांडलं आणि २,१०० किलोमीटर किनाऱ्याला लागलं. अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी आणि २,८०० समुद्री ऊद मेले. उदांची संख्या पूर्वीइतकी व्हायला २०१४ साल उजाडलं. कित्येक किनाऱ्यांवर वरचे गोटे बाजूला केल्यावर बारा-पंधरा वर्षांनीही खाली ताजं, वास येणारं तेल सापडत होतं.

तिथल्या दोन गोष्टींची तुलना बोलकी आहे. त्या सामुद्रधुनीतल्या ओर्का देवमाशांचे एकेक करून फोटो काढून नोंद ठेवण्याचं काम संशोधकांनी अपघाताच्या काही वर्षं आधीच सुरू केलं होतं. प्रत्येक प्राण्याच्या परावर आणि पाठीवरच्या खुणांवरून त्याची ओळख पक्की होती. त्यामुळे अपघातानंतरच्या वर्षभरात एका कळपातले ३३ टक्के आणि दुसऱ्या कळपातले ४१ टक्के प्राणी नाहीसे झाले, हे ठामपणे सांगता आलं. हेरिंग माशांचं तसं झालं नाही. तेलानंतर चार वर्षांनी, १९९३ मध्ये, हेरिंगची संख्या कोसळली, त्यांची मासेमारी बंद पडली आणि ती पूर्वीसारखी कधीच सावरली नाही. मच्छीमारांनी तेलाला दोष दिला, कंपनीने रोगाला आणि निसर्गाच्या चढउताराला. शास्त्रज्ञांचा वाद आजवर मिटलेला नाही, कारण निर्विवाद ठरवण्याइतकी आधीची माहितीच कोणाकडे नव्हती. नोंद असलेल्या देवमाशांसाठी पुरावा उभा राहिला. हेरिंगवर पोट असलेल्या मच्छीमारांचं म्हणणं हवेत राहिलं.

ज्याला बाजारभाव नाही, त्याचीही किंमत अलास्काने काढून पाहिली. जे लोक कधी अलास्काला जाणारही नाहीत, त्यांना तो समुद्र सुरक्षित राहण्याचं मोल वाटतं का? अर्थतज्ज्ञांनी अमेरिकाभर घरोघरी विचारलं, की पुन्हा असा अपघात होऊ नये म्हणून तुम्ही किती कर द्याल? मधलं उत्तर दर घरामागे सुमारे ३१ डॉलर आलं. साऱ्या देशाच्या घरांना गुणल्यावर ही रक्कम २.८ अब्ज डॉलर झाली. या पद्धतीवर एवढा वाद झाला, की केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने कडक अटी घालून पद्धत ग्राह्य मानली. तेआनला लागू असलेला आंतरराष्ट्रीय करार मात्र अशा मोलाला पैसे देत नाही. पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी प्रत्यक्ष केलेला वाजवी खर्च तो देतो, मेलेल्या समुद्राची किंमत देत नाही.

खटल्याचा निकालही पाहा. १९९४ मध्ये अँकरेजच्या ज्यूरीने एक्झॉनला ५ अब्ज डॉलर दंडात्मक भरपाई द्यायला सांगितलं. कंपनी अपिलात गेली. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम सुमारे ५१ कोटी डॉलरवर, म्हणजे एक दशांशावर आणली. अपघात आणि निकाल यांत १९ वर्षं गेली. बत्तीस हजारांहून अधिक वादींपैकी हजारो जण तोवर हयात नव्हते.

त्या जहाजाचा शेवट आपल्या देशात झाला. नाव बदलत बदलत ते ‘ओरिएंटल नायसेटी’ झालं आणि २०१२ मध्ये भंगारात निघून गुजरातच्या अलंगला आलं. घातक कचऱ्याच्या मुद्द्यावर ते आपल्या सर्वोच्च न्यायालयात अडलं, मग परवानगी मिळाली आणि अलंगच्या मजुरांनी ते तोडलं.

आपल्या किनाऱ्याचा हिशेब

मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर रोज तेलाची जहाजं लागतात. मुंबई हाय, जवाहरलाल नेहरू बंदर आणि आखाताकडे जाणारी वाहतूक यांमुळे आपल्यासमोरचा समुद्र देशातल्या सगळ्यांत गजबजलेल्या भागांपैकी एक आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. चित्रा हे कंटेनर जहाज होतं. तरी त्याच्या स्वतःच्या इंधनापैकी सुमारे ८०० टन तेल सांडलं. बंदर काही दिवस बंद राहिलं. उरण-अलिबागकडच्या कांदळवनात तेल शिरलं, मासळीचं गिऱ्हाईक तुटलं. ४ ऑगस्ट २०११ रोजी कोळसा घेऊन चाललेलं ‘राक कॅरियर’ मुंबईसमोर बुडालं आणि त्याचं इंधन समुद्रात आलं. एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जहाजाच्या मालकांना १०० कोटी रुपये भरायला सांगितले. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं धडकली, आणि किनाऱ्यावर माणसं बादल्यांनी, हातांनी तेल उपसताना दिसली. तेआनच्या नऊ वर्षांनंतरचं हे दृश्य होतं.

यातली ‘चित्रा’ आणि ‘राक कॅरियर’ ही जहाजं तेलवाहू नव्हती, ही बाब महत्त्वाची आहे. वर सांगितलेला आंतरराष्ट्रीय निधी फक्त तेलवाहू जहाजांच्या गळतीसाठी आहे. कंटेनर किंवा कोळशाच्या जहाजाचं इंधन सांडलं, तर तो निधी पुढे येत नाही. मग नुकसान दाखवण्याचा आणि भरपाई मिळवण्याचा भार पीडितांवरच जास्त पडतो.

आपल्याकडे बोटीला नोंदणी क्रमांक असतो, परवाना असतो, डिझेलच्या परताव्यासाठी मच्छीमार सोसायटीत खातं असतं. बोटवाल्याला दाखवायला निदान काही कागद असतात. पण ओहोटीला खडकावरून कालवं काढणारी बाई, खाडीत उतरून तिसऱ्या-शिवल्या वेचणारी, खाजणात चिंबोरी धरणारा, सुकी मासळी वाळत घालणारी मजूर यांच्याकडे काय आहे? त्यांची पाटी सकाळी भरते आणि दुपारपर्यंत बाजारात रिकामी होते. शेतकऱ्याचं पीक गेलं, तर निदान सातबारा पुढे करता येतो. खाडीच्या चिखलाला सातबारा नाही, आणि त्यावर जगणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. उद्या कोकणच्या किनाऱ्याला तेल लागलं, तर तेआनच्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला आलेलं उत्तरच तिला मिळेल.

तेल येण्याआधी

जगभरात परिस्थिती सुधारली आहे, हे आवर्जून सांगायला हवं. १९७० च्या दशकात तेलवाहू जहाजांच्या ७०० टनांहून मोठ्या गळतीच्या घटना वर्षाला सरासरी चोवीसच्या आसपास होत. २०१० च्या दशकात त्या वर्षाला दोनांहून कमी झाल्या. दुहेरी कवचाची सक्ती, जहाजांची तपासणी, ठरवून दिलेले जलमार्ग आणि दंडाची भीती यांनी हे घडवलं. नियम काम करतात, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. नियमांना बगल दिली की काय होतं, हेही डिसेंबर २०२४ मध्ये दिसलं. पन्नाशी ओलांडलेली दोन रशियन तेलवाहू जहाजं कर्च सामुद्रधुनीजवळच्या वादळात मोडली आणि काळ्या समुद्राचे किनारे जड इंधनाने काळवंडले.

म्हणून पहिलं काम प्रतिबंधाचंच आहे. आपल्याकडे तेलगळतीच्या आपत्तीची राष्ट्रीय योजना १९९६ पासून आहे आणि तिची सूत्रं तटरक्षक दलाकडे आहेत. तिच्या सरावात बंदरांइतकंच किनाऱ्यावरच्या गावांनाही स्थान मिळायला हवं. कुठल्या खाडीच्या तोंडाला आधी अडथळा लावायचा, कुठल्या कांदळवनाला कोणी हात लावायचा नाही, हे गावाला आधी माहीत असलं पाहिजे.

दुसरं काम कायदे आणि करार करून देणार नाहीत; ते किनाऱ्यावरच करावं लागेल. मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या सभासदांबरोबरच हाताने वेचणाऱ्यांचीही गाववार यादी करावी. महिला बचत गटांनी कोण, कुठल्या खाडीत, वर्षातले कोणते महिने, साधारण किती माल काढतं आणि कुठल्या बाजारात विकतं याची वही ठेवावी आणि ग्रामपंचायतीचा शिक्का घ्यावा. कोकणातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी ठरावीक खडकांवर आणि चिखलाटीत दरवर्षी त्याच उधाणाला मोजणी करावी आणि त्याच जागेवरून फोटो काढावेत. कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने ही माहिती आपल्या दप्तरी घ्यावी. या कामाला मोठा पैसा लागत नाही, सातत्य लागतं.

तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल, शिकवत असाल किंवा सोसायटीत काम करत असाल, तर या हंगामापासूनच ही वही सुरू करा. तेल आल्यानंतर लिहिलेल्या पानाला पुरावा म्हणून कोणी विचारणार नाही.